गाळातली संजीवनी

घरातील वडीलधाऱ्या माणसाला एके दिवशी नातवाचे नाव आठवत नाही. दुसऱ्या दिवशी हरवलेला चष्मा देव्हाऱ्यात सापडतो आणि पंधरवड्याने नेहमीच्या वाटेवर पाय घोटाळतात. कुटुंब हादरून जाते. नेमक्या अशा वेळी कोणी शेजारी, कोणी दूरचा आप्त, कोणी औषधविक्रेता एक बाटली सुचवितो. बाटलीत मधाच्या रंगाच्या मऊ कॅप्सूल, वेष्टनावर सोयाबीनची हिरवी शेंग आणि ठळक अक्षरांत 'सोया लेसिथिन'. स्मरणशक्ती वाढेल, कोलेस्टेरॉल उतरेल, यकृत शुद्ध होईल, वजन घटेल, त्वचा तजेलदार होईल. आणि वनस्पतिजन्य असल्यामुळे अपाय काहीच नाही! एकाच कॅप्सूलमध्ये एवढे सामर्थ्य साठविता येत असेल, तर द्रोणागिरी उचलून आणण्याचे श्रम हनुमंताने व्यर्थच घेतले म्हणायचे.

भाबड्या माणसाने या जाहिरातीवर विश्वास ठेवला तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र ज्यांना रसायनशास्त्र कळते, ज्यांच्या दुकानावर औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराचे नाव झळकते, त्यांनी हा व्यापार चालवावा हे क्षम्य नाही. या सगळ्या दाव्यांची झाडाझडती जगात अनेकदा झाली आहे. तिचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन काही दशके लोटली आहेत. बाटलीवरील मजकुरात मात्र त्याचा मागमूस दिसत नाही.

लेसिथिन हा शब्द जन्मला फ्रान्समध्ये. तेओदोर गोब्ले या औषधरसायनज्ञाने १८४६ च्या सुमारास अंड्याच्या पिवळ्या बलकातून फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्य वेगळे केले आणि १८५० मध्ये बलकवाचक ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले. असेच द्रव्य मेंदूत, रक्तात आणि पित्तातही आढळले. मेंदूत फॉस्फरस आहे ही गोष्ट तत्कालीन युरोपला इतकी मोहक वाटली की, फॉस्फरस आणि विचारशक्ती यांची सांगड घालणारे पंडित तेथे उभे राहिले. आणि पंडितांच्या मागोमाग, जगाच्या रीतीप्रमाणे, ज्ञानतंतूंना बळ देणाऱ्या शक्तिवर्धकांचे व्यापारीही आले. मेंदूत लेसिथिन असते, म्हणून लेसिथिन खाल्ले की मेंदू तल्लख होतो, हा आजच्या जाहिरातीतील 'आधुनिक शोध' अशा रीतीने दीडशे वर्षांहून जुना आहे. केसांत केराटिन असते. म्हणून टक्कल पडलेल्या माणसाने केस खावेत, असे सुचविण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही, एवढेच.

अंड्यातले लेसिथिन महाग पडे. ते स्वस्त केले तेलगिरण्यांनी. १९२० च्या दशकात जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे सोयाबीनचे तेल द्रावकाच्या साहाय्याने काढण्याचा उद्योग फोफावला होता. अशा कच्च्या तेलात एक चिकट द्रव्य उतरते. ते तसेच राहिले तर तेल गढूळ होते आणि तळाशी साका बसतो. म्हणून कोमट तेलात थोडे पाणी किंवा वाफ सोडतात. ते द्रव्य पाणी शोषून फुगते, जड होते आणि तेलापासून वेगळे पडते. हा गाळ नासका आणि दुर्गंधी. त्याची विल्हेवाट लावणे गिरण्यांना जड जात असे. हेर्मान बोलमान यांच्या पेटंटांनी तो वाळवून विक्रीयोग्य करण्याची वाट दाखविली आणि डोकेदुखीचा माल बनला. आजही प्रक्रिया मुळात तीच आहे. हेक्झेन या पेट्रोलियमजन्य द्रावकाने दाण्यातून तेल ओढायचे, पाण्याने गाळ पाडायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये तो वेगळा करायचा, वाळवायचा. 'निसर्गाची देणगी' म्हणून बाटलीत येते ते हे.

गाळ म्हटल्याने त्याची योग्यता कमी होते असे नाही. लेसिथिनचा रेणू विलक्षण आहे. त्याचे मस्तक पाण्याकडे ओढले जाते आणि त्याच्या दोन शेपट्या तेलाकडे. त्यामुळे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तेल आणि पाणी त्याच्या मध्यस्थीने एकत्र नांदतात. चॉकलेटमध्ये शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी लेसिथिन घातले की रस पातळ होतो आणि महागड्या कोको बटरची बचत होते. बिस्किटे, मार्गारीन, झटपट विरघळणारी दूधभुकटी या सर्वांत ते आपले काम चोख बजावते. बिस्किटाच्या पुड्यावर 'इमल्सिफायर' या शब्दापुढे ३२२ हा आकडा दिसतो तो त्याचाच. सोयाचे लेसिथिन म्हणजे विष, अशी हाकाटी अलीकडे काही मंडळी पिटतात, तीही तितकीच निराधार आहे. ज्याला सोयाबीनची ॲलर्जी आहे त्याने सावध राहावे; इतरांनी चॉकलेटच्या वडीतील चिमूटभर लेसिथिनला भिण्याचे कारण नाही. वाद आहे तो या मजुराला धन्वंतरीच्या आसनावर बसविण्याबद्दल.

पेल्यातील पाण्यावर तरंगणारे तेल लेसिथिन घालताच विरते, तसाच धमन्यांतील मेदही विरेल, हा विक्रेत्यांचा लाडका दाखला. ऐकायला तो फार सोपा वाटतो. परंतु मनुष्याचे शरीर म्हणजे काचेचा पेला नव्हे. गिळलेले लेसिथिन आतड्यात पोहोचले की स्वादुपिंडाचे पाचकरस त्याचे तुकडे करतात. ते तुकडे शोषले जातात आणि शरीर आपल्या गरजेनुसार त्यांची पुन्हा जुळणी करते. याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. निरोगी माणसाचे यकृत पित्तावाटे दररोज सुमारे १० ते २० ग्रॅम याच जातीचे द्रव्य स्वतःहून आतड्यात ओतीत असते. नेहमीच्या आहारातून आणखी काही ग्रॅम येतात. बाजारातील एका मोठ्या कॅप्सूलमध्ये असते १.२ ग्रॅम. भरलेल्या विहिरीत ओंजळभर पाणी टाकून ती भरल्याची पावती मागण्यासारखा हा प्रकार आहे.

स्मृतिभ्रंशाच्या नावाने

स्मरणशक्तीचा दावा सर्वांत क्रूर आहे. कारण त्याचे गिऱ्हाईक सर्वांत अगतिक असते. त्याच्या मुळाशी एक खरे संशोधन आहे, हे मान्य केले पाहिजे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन हा संदेशवाहक निर्माण करणारी यंत्रणा खालावलेली असते, असे १९७० च्या दशकात दिसून आले. ॲसिटिलकोलिन कोलिनपासून बनते आणि लेसिथिनमध्ये कोलिन असते. तेव्हा लेसिथिन देऊन पाहावे असे वैद्यकांना वाटले, यात काहीच वावगे नव्हते. त्यांनी ते देऊन पाहिले. लंडनमध्ये ५१ रुग्णांवर सहा महिने झालेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दररोज २० ते २५ ग्रॅम शुद्ध केलेले सोया लेसिथिन दिले गेले. खरे लेसिथिन घेणारे आणि निरुपद्रवी बनावट भुकटी घेणारे, या दोन गटांत एकंदर फरक आढळला नाही. एका लहान उपगटात काही सुधारणा दिसली, पण गंमत अशी की, त्या उपगटातील रुग्णांनी औषध नियमाने घेतलेलेच नव्हते!

पुढे कोक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी अशा १२ यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत अल्झायमरचे २६५, पार्किन्सनजन्य स्मृतिभ्रंशाचे २१ आणि केवळ विसरभोळेपणाची तक्रार करणारे ९० जण होते. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, स्मृतिभ्रंशाच्या उपचारात लेसिथिनच्या वापराला पुराव्याचा आधार नाही. विसरभोळेपणाची तक्रार करणाऱ्यांवरील एका चाचणीत मोठा लाभ दिसला होता. लेसिथिनचे समर्थक तेवढीच एक काडी धरून बसले आहेत. आता बाटलीकडे पाहावे. ज्या मात्रेने रुग्णांना गुण आला नाही ती मात्रा गाठायची तर दिवसाला १७ ते २१ कॅप्सूल गिळाव्या लागतील. बाटली सांगते, दिवसातून एक किंवा दोन.

कोलेस्टेरॉलची कथा फारशी वेगळी नाही. १९८९ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी तोवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. कोठे तुलनेचा गटच नव्हता, कोठे रुग्णाने त्याच काळात आहार बदललेला होता. उरलेला परिणाम सोयातेलात सर्रास असणाऱ्या लिनोलेइक आम्लाने समजावता येत होता. लेसिथिनचा म्हणून स्वतंत्र प्रभाव सिद्ध होत नाही, असे त्यांनी लिहिले. क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅन्ली हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर एक नवीच चिंता पुढे आणली. आतड्यातील जंतू लेसिथिनमधील कोलिनपासून एक द्रव्य बनवितात आणि यकृतात त्याचे ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४००७ रुग्णांची तीन वर्षे पाहणी झाली आणि ज्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक होते त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले. एवढ्यावरून लेसिथिन हृदयाला घातक ठरते असे म्हणणे घाईचे होईल; दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पण हृदयरक्षणाच्या नावाने जे विकले जाते, त्याच्याविषयी हृदयरोगाचे अभ्यासकच अशी शंका घेतात, हे गिऱ्हाइकाला सांगायचे की नाही?

यकृताच्या बाबतीत आशा सर्वांत मोठी होती. न्यूयॉर्कचे चार्ल्स लीबर यांनी मद्य पाजलेल्या बबून वानरांवर दीर्घ प्रयोग केले. सोयापासून काढलेल्या शुद्ध द्रव्याने वानरांच्या यकृताचा ऱ्हास रोखला जातो, असे त्यांना दिसले. त्यानंतर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ७८९ मद्यपी रुग्णांवर दोन वर्षे चाचणी झाली. मात्रा रोज ४.५ ग्रॅम. २००३ मध्ये निष्कर्ष आला, तो निराशेचा. यकृतातील तंतुमयतेची वाढ त्या द्रव्याने थांबली नाही. ज्या लीबर यांनी वीस वर्षे खपून ही आशा उभी केली, त्यांच्याच नावे हा निराशेचा अहवालही प्रसिद्ध आहे. विज्ञानाची प्रतिष्ठा या प्रामाणिकपणात असते. बाजाराने वानरांचा निष्कर्ष उचलला आणि माणसांचा गाळला.

'अपाय तर नाही ना?'

एवढे सांगितल्यावरही समर्थकांचे तीन आक्षेप उरतात. पाश्चात्त्यांच्या चाचण्या प्रमाण का मानाव्यात, हा पहिला. उत्तर सरळ आहे. लेसिथिन हे नाव, ते काढण्याची रीत, त्याचा आणि मेंदूचा जोडलेला संबंध, सारे काही पश्चिमेकडूनच आलेले आहे. दावा तिकडून आयात करायचा आणि त्याचे खंडन मात्र 'परकीय' म्हणून नाकारायचे, हा स्वाभिमान नव्हे. चरक-सुश्रुतांनी लेसिथिन सांगितलेले नाही. त्यांच्या पुण्याईवर ही बाटली खपविण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि बाटलीवर स्वदेशी कंपनीचे नाव असले म्हणून खोटा दावा खरा होत नाही. उलट ज्याने स्वदेशीचा ध्वज खांद्यावर घेतला, त्याच्यावर सचोटीची जबाबदारी अधिक येते.

दुसरा आक्षेप वनस्पतिजन्यतेचा. आतील द्रव्य सोयाबीनचे, हे ठीक. पण वरचे कवच? अशा मऊ कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन बनते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून. वेष्टनावरील हिरव्या शेंगेचे चित्र पाहून कित्येक निष्ठावंत शाकाहारी कुटुंबांनी ही कॅप्सूल सश्रद्ध भावनेने देव्हाऱ्याशेजारी ठेवली असेल. चौकोनातील हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हे भिंग लावून पाहण्याची वेळ ग्राहकावर यावी, ही या व्यापाराची सभ्यता!

तिसरा आक्षेप सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक. 'गुण येवो न येवो, अपाय तर नाही ना?' एखाद्दुसऱ्या कॅप्सूलने पोट थोडे बिघडण्यापलीकडे सहसा काही होत नाही, हे खरे. अपाय कॅप्सूल करीत नाही. तिच्यामुळे वाया जाणारा काळ करतो. उतारवयातील प्रत्येक विस्मरण म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइडची मंदावलेली क्रिया, नैराश्य, चालू असलेल्या औषधांचा दुष्परिणाम, अशी कित्येक कारणे उपचाराने दूर होणारी असतात. त्यांतले एक कारण भारतीय घरांच्या फार जवळचे आहे, ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातच असते; शाकाहाऱ्याला ते दूधदुभत्यातूनच मिळते आणि दूध कमी झाले, पचन मंदावले की साठा आटत जातो. आपल्या देशात ही उणीव मोठ्या प्रमाणावर आढळते. तिच्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मृती ढासळते. रक्ताच्या साध्या तपासणीने ती उघड होते आणि स्वस्त औषधाने भरून निघते. मात्र फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पुरती भरून येत नाही. सोया लेसिथिनमध्ये ब-१२ नाही. जे सहा महिने बाटलीवर भरवसा ठेवून काढले, ते सहा महिने परत कोण देणार? 'नैसर्गिक' उपाय मिळाला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करणाऱ्या हृदयरुग्णाचीही गत अशीच होते.

लेसिथिनच्या पदरात एक खरे पुण्य आहे. ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कोलिन हे शरीराला खरोखर आवश्यक असे पोषकद्रव्य आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ मध्ये त्याचे पुरेसे प्रमाण पुरुषांसाठी दिवसाला ५५० मिलिग्रॅम, स्त्रियांसाठी ४२५ आणि गर्भवतींसाठी ४५० असे ठरविले. युरोपीय संघानेही २०१२ च्या नियमांत यकृताच्या स्वाभाविक कार्याला कोलिनचा हातभार लागतो, असे लिहिण्याची मुभा दिली. मात्र पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये किंवा एका मात्रेत किमान ८२.५ मिलिग्रॅम कोलिन असेल तरच. या कसोटीवर कॅप्सूल घासून पाहण्यासारखी आहे. साध्या सोया लेसिथिनमध्ये फॉस्फॅटिडिलकोलिन असते सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा आणि त्यात कोलिन असते शेकडा १३ च्या आसपास. म्हणजे १२०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कोलिन निघाले ३० ते ४० मिलिग्रॅम. कपभर दुधात ते साधारण ४० मिलिग्रॅम असते. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत २४, अर्धी वाटी शिजविलेल्या राजम्यात ४५, अर्धी वाटी भाजलेल्या सोयाबीनमध्ये शंभराहून अधिक. अंडे खाणाऱ्याला एका अंड्यात १४७. ज्या दाण्याच्या तेलाचा गाळ कॅप्सूलमध्ये भरला, तो दाणाच भाजून खाल्ला तर तिप्पट कोलिन मिळते आणि वर प्रथिने! स्तनदा मातांच्या दुग्धनलिका तुंबतात तेव्हा काही डॉक्टर लेसिथिन सुचवितात. तो सल्ला त्या मातेपुरता आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीचा.

सोयाबीनचा मान या गाळावाचून अडलेला नव्हता. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी सोयाबीन रोजच्या जेवणात घेऊन पाहिले आणि 'हरिजन'मधून त्याविषयी लिहिले. १९३६ मध्ये बडोदा संस्थानातील एफ. एस. काळे यांचे सोयाबीनच्या लागवडीवरील आणि पाककृतींवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या मंडळींच्या डोळ्यांपुढे होता गरिबाच्या ताटातील डाळीचा प्रश्न. नव्वद वर्षांनंतर त्याच वर्ध्याच्या आसपास, लातूर-वाशीमच्या काळ्या रानात सोयाबीन उदंड पिकते आणि शेतकरी बाजारात हताश उभा असतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. अनेक बाजार समित्यांत प्रत्यक्ष भाव त्याच्या बऱ्याच खाली राहिला. एका क्विंटल दाण्यातून तेल निघते सुमारे १८ किलो आणि त्या तेलातून गाळ निघतो साधारण तीन-चारशे ग्रॅम. हिशेब ढोबळ आहे, पण एवढ्यात मोठ्या कॅप्सूलच्या शंभराच्या तीन बाटल्या भरतात. त्या तीन बाटल्यांवरील किमतींची बेरीज ज्याची त्याने आपल्या गावातील दुकानात करून पाहावी आणि ती शेतकऱ्याच्या पावतीशेजारी ठेवावी.

कायदा अगदीच झोपलेला नाही. अशा उत्पादनांच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' या अर्थाचा इशारा छापणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनी बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ५३ व्या कलमान्वये १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दर्शनी बाजूला मेंदूचे गुणगान, आणि मागे मुंगीच्या अक्षरात 'औषध नव्हे' हा कबुलीजबाब! दोन्ही वाक्ये एकाच बाटलीवर नांदतात. तेल आणि पाणी एकत्र आणण्याचे लेसिथिनचे कौशल्य येथे मात्र निर्विवाद सिद्ध होते.

तेव्हा मागणी एवढीच आहे. लेसिथिनच्या प्रत्येक बाटलीच्या दर्शनी भागावर एका कॅप्सूलमध्ये कोलिन किती मिलिग्रॅम आहे हे छापावे, कवच कशाचे आहे हे छापावे आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' ही ओळ उत्पादनाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापावी. त्यानंतर ज्याला घ्यायची त्याने ती खुशाल घ्यावी.